ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लँगडेल कोण होते आणि त्यांचे नाव आजही का घेतले जाते?

ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल (२२ मे १८२६ – ६ जुलै १९०६) हे अमेरिकन वकील आणि कायद्याचे प्राध्यापक होते. १८७० ते १८९५ अशी सलग पंचवीस वर्षे ते हार्वर्ड लॉ स्कूलचे अधिष्ठाता होते. न्यायालयांचे मूळ निवाडे विद्यार्थ्यांना वाचायला लावून, वर्गात त्यांवर प्रश्न विचारत कायदा शिकवण्याची जी पद्धत ‘केस मेथड’ म्हणून ओळखली जाते, ती त्यांनी सुरू केली. कायदा म्हणजे काय याविषयीचा त्यांचा सिद्धान्त त्यांच्या हयातीतच टीकेचा विषय झाला होता. त्यांनी लॉ स्कूलची लावलेली घडी मात्र प्रथम अमेरिकेने आणि नंतर इतर देशांनी उचलली. त्यांच्यावर लिहिताना या दोन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते, म्हणून पुढील उत्तरे वाचताना त्या वेगळ्या ठेवाव्यात.

त्यांचे बालपण आणि शिक्षण कसे झाले?

न्यू हॅम्पशायर राज्यातील न्यू बोस्टन या छोट्या गावी एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई लवकर वारली, शेती बुडाली आणि भावंडांची पांगापांग झाली. त्याच राज्यातील मँचेस्टर या गिरणगावात मजुरी करून आणि बहिणीच्या मदतीवर त्यांनी शिक्षणाची वाट धरली. फिलिप्स एक्झेटर अकॅडमी या नामांकित शाळेत ते १८४५ मध्ये दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय एकोणीस होते आणि वर्गातले बहुतेक सोबती त्यांच्याहून लहान होते. १८४८ मध्ये हार्वर्ड कॉलेजात प्रवेश मिळाला, पण पैशाअभावी ते पदवीपूर्वीच सोडावे लागले. त्यानंतर सुमारे दीड वर्ष त्यांनी एक्झेटरमध्येच एका वकिलाच्या कचेरीत बसून कायद्याची पुस्तके वाचली. त्या काळी अमेरिकेत वकील होण्याचा सर्वसाधारण मार्ग तोच होता.

१८५१ मध्ये ते हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये आले आणि १८५४ पर्यंत तेथे राहिले. पदवीसाठी एवढा काळ राहण्याची मुळीच गरज नव्हती, कारण अठरा महिने हजेरी लावली की पदवी मिळत असे. लँगडेल ग्रंथालयाचे विद्यार्थी-ग्रंथपाल झाले, प्राध्यापक थिओफिलस पार्सन्स यांना त्यांच्या करारविषयक ग्रंथाच्या कामात मदत करू लागले आणि पुस्तकांच्या कपाटांमध्येच त्यांचा दिवस जाऊ लागला. मध्ययुगीन इंग्लंडमधील जुन्या लिपीत छापलेल्या खटल्यांच्या पोथ्या वाचता वाचता, आपण प्लँटाजेनेट राजांच्या काळात जन्मलो असतो तर किती बरे झाले असते, असे उद्गार त्यांनी काढल्याची आठवण त्यांच्या एका सहाध्यायाने सांगितली आहे. पुढे ग्रंथालयाविषयी त्यांनी जी मते मांडली, ती या तीन वर्षांत रुजली, असे मानायला हरकत नाही.

वकील म्हणून त्यांची कारकीर्द कशी होती?

१८५४ ते १८७० अशी सोळा वर्षे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिली केली. न्यायाधीशांसमोर उभे राहून युक्तिवाद करणारे वकील म्हणून त्यांचा लौकिक नव्हता. गुंतागुंतीच्या प्रकरणात जुने निवाडे धुंडाळून पक्का मसुदा तयार करून देणारा माणूस म्हणून इतर वकील त्यांच्याकडे येत. त्यांचे राहणे कचेरीला लागूनच असलेल्या खोलीत होते आणि उरलेला वेळ वकिलांच्या संस्थेच्या ग्रंथालयात जाई. शहराबाहेर, किंबहुना शहरातही, त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. न्यूयॉर्कच्या राजकारणावर तेव्हा ‘बॉस’ ट्वीड यांच्या टोळीचा वरचष्मा होता आणि काही न्यायाधीशही त्या टोळीच्या खिशात होते. छापील निवाड्यांच्या जगात रमणाऱ्या माणसाला अशा न्यायालयांविषयी आकस वाटला असल्यास नवल नाही.

मग अशा अपरिचित वकिलाला हार्वर्डने थेट प्राध्यापक कसे केले?

याचे उत्तर एका वाडगाभर दुधात आहे. लँगडेल लॉ स्कूलमध्ये होते तेव्हा चार्ल्स विल्यम एलियट हा हार्वर्डचा पदवीपूर्व विद्यार्थी एका मित्राच्या खोलीवर जात असे. तेथे लँगडेल बहुधा शेकोटीपुढे उभे राहून गव्हाळ रंगाचा पाव कुस्करलेले दूध खात असत आणि खाता खाता कायद्यावर बोलत असत. एलियट यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते, तरी आपण एका असामान्य बुद्धीच्या माणसाचे बोलणे ऐकत आहोत एवढे त्यांना कळले होते.

एलियट पुढे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८६९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, हार्वर्डचे अध्यक्ष झाले. लॉ स्कूलची अवस्था तेव्हा इतकी खालावली होती की १८७० मध्ये एका प्रतिष्ठित कायदाविषयक नियतकालिकाने ती मॅसॅच्युसेट्स राज्याला जवळजवळ लांच्छन आणणारी असल्याचे लिहिले. प्रवेशाला अट नव्हती, अभ्यासक्रमाला क्रम नव्हता आणि परीक्षा तर नव्हतीच. तीन वयोवृद्ध प्राध्यापक ठरलेली व्याख्याने देत, त्यांपैकी एक, एमरी वॉशबर्न, राज्याचे माजी गव्हर्नर होते. एलियट यांना ती जुनी संध्याकाळ आठवली, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये लँगडेल यांना गाठले आणि जानेवारी १८७० मध्ये त्यांची ‘डेन प्राध्यापक’ या पदावर नेमणूक झाली. एकेकाळी न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी भूषवलेले हे पद होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सहकाऱ्यांनी त्यांना अधिष्ठाता निवडले, आणि लॉ स्कूलच्या इतिहासात हे नामाभिधान धारण करणारे ते पहिलेच.

आजच्या निवड समित्यांच्या दृष्टीने ही नेमणूक धक्कादायक म्हणावी लागेल, कारण उमेदवाराच्या नावावर प्रकाशित असे काहीच नव्हते.

केस मेथड म्हणजे नेमके काय? आधी कायदा कसा शिकवत असत?

आधीची पद्धत अशी होती की प्राध्यापक एखाद्या पाठ्यग्रंथातील नियम समजावून सांगत, विद्यार्थी तो उतरवून घेत किंवा पाठ करीत आणि निवाड्यांचा उल्लेख झालाच तर नियमाचे उदाहरण म्हणून होई. नियम आधी आणि खटला नंतर, असा हा क्रम होता.

लँगडेल यांनी तो उलटा केला. विद्यार्थ्यांनी घरी मूळ निवाडा वाचून यायचे. वर्गात त्यांनीच वस्तुस्थिती सांगायची, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मांडायचे, न्यायालयाने काय ठरवले आणि का ठरवले ते शोधायचे, आणि मग पुढचा निवाडा घेऊन आधीच्या निष्कर्षाला तो कुठे छेद देतो ते पाहायचे. नियम सर्वांत शेवटी, तोही विद्यार्थ्याच्या हाताला लागावा अशा रीतीने. यासाठी निवाड्यांचा निवडक संग्रह हाती असणे आवश्यक होते. एकाच ग्रंथालयातील एकाच खंडावर साऱ्या वर्गाने तुटून पडणे शक्य नव्हते. म्हणून लँगडेल यांनी करारविषयक निवाड्यांचा संग्रह तयार केला आणि तो १८७१ मध्ये पुस्तकरूपाने पूर्ण झाला. कायद्याच्या शिक्षणातील आधुनिक केसबुकाची परंपरा येथून सुरू होते. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटले आहे की कायद्याची मूलतत्त्वे लोक समजतात त्याहून पुष्कळच कमी आहेत, प्रत्येक तत्त्व शतकानुशतके निवाड्यांमधून हळूहळू घडत आले आहे, आणि छापून निघालेल्या निवाड्यांपैकी बहुसंख्य निवाडे अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी आहेत.

पहिल्या तासाला काय घडले?

१८७० च्या शरद सत्रातील तो तास अमेरिकन लॉ स्कूलच्या इतिहासात फार गाजलेला आहे. विद्यार्थी नव्या संग्रहाची सुटी छापील पाने घेऊन बसले होते. व्याख्यान सुरू होईल या अपेक्षेने वह्या उघडल्या गेल्या असतील. पण लँगडेल यांनी विचारले ते एवढेच, की मिस्टर फॉक्स, पेन विरुद्ध केव्ह या खटल्यातील वस्तुस्थिती आपण सांगाल का? फॉक्स यांनी जमेल तसे सांगितले. मग मिस्टर रॉल यांना वादीचा युक्तिवाद मांडायला सांगण्यात आले, आणि त्यांनी तो मांडल्यावर मिस्टर ॲडम्स यांना प्रश्न आला की आपल्याला हे पटते का?

पेन विरुद्ध केव्ह हा १७८९ मधील इंग्लिश निवाडा आहे आणि पहिल्या धड्यासाठी तो का निवडला असावा हे वस्तुस्थिती वाचली की ध्यानात येते. लिलावात दारू गाळण्याची वेटोळी धातूची नळी आणि ती बुडवून ठेवण्याचे पिंप असा एक लॉट निघाला. केव्ह यांनी ४० पौंडांची शेवटची बोली लावली. लिलाव करणारा हातोडी न मारता रेंगाळला, तेव्हा केव्ह यांनीच त्याला सुनावले की थांबतोस कशाला, याहून जास्त तुला मिळणार नाही. लिलाव करणारा म्हणाला की नळी वजनदार आहे आणि ४० पौंडांहून अधिक किमतीची आहे. त्यावर, वजनाची हमी देतोस का, असा सवाल केव्ह यांनी केला. हमी मिळाली नाही, आणि हातोडी पडण्यापूर्वीच केव्ह यांनी आपली बोली मागे घेतली. पुढे तो लॉट ३० पौंडांना गेला आणि फरकासाठी विक्रेत्याने दावा लावला. न्यायालयाने ठरवले की बोली हा केवळ प्रस्ताव आहे, हातोडी पडणे ही त्याची स्वीकृती, आणि स्वीकृती होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो.

निवाडा अगदी आखूड आहे. परंतु करार नेमका कोणत्या क्षणी होतो, प्रस्ताव कोण देतो आणि तो स्वीकारतो कोण, हे करारकायद्याचे पहिलेच प्रश्न त्यात उघडे पडतात, आणि त्यासाठी व्याख्या आधी सांगावी लागत नाही. लिलाव करणारा माल मांडतो म्हणजे प्रस्ताव तोच देतो, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. ते तसे का नाही, हे विद्यार्थ्याने स्वतः बोलून दाखवायचे होते.

विद्यार्थ्यांनी ही पद्धत स्वीकारली का?

सुरुवातीला बहुतेकांनी नाही. सहाध्यायी एखाद्या निवाड्याशी सहमत आहे की नाही याच्याशी आम्हाला काय करायचे आहे, आम्हाला कायदा काय आहे तो सांगा, अशी तक्रार उघडपणे होत होती. तक्रार अगदीच अनाठायी नव्हती. शुल्क भरून आलेल्या विद्यार्थ्याला प्राध्यापकांकडून उत्तर हवे होते आणि त्याला मिळत होता आणखी एक प्रश्न. वर्गातील उपस्थिती रोडावत गेली आणि अखेरीस मोजकेच विद्यार्थी टिकून राहिले. १८७२ मध्ये बोस्टन विद्यापीठाने स्वतःचे लॉ स्कूल काढले. हार्वर्डमधील नव्या वाऱ्यांना वैतागलेल्या बोस्टनच्या वकिलांचा त्याला पाठिंबा होता.

एलियट मात्र अधिष्ठात्यांच्या मागे ठाम उभे राहिले. त्यांच्याजागी दुसरा अध्यक्ष असता, तर दोन-तीन वर्षांत हा प्रयोग गुंडाळला गेला असता, असे मला वाटते. टिकून राहिलेल्या विद्यार्थ्यांमध्ये जेम्स बार एम्स होते, आणि पुढे या पद्धतीचा खरा प्रसार त्यांनीच केला.

लँगडेल स्वतः वर्गात कसे शिकवत?

प्रश्नामागून प्रश्न विचारत शिकवण्याच्या या रीतीला ‘सॉक्रेटिस पद्धत’ म्हणतात, आणि ती म्हटली की विद्यार्थ्याला शब्दांत पकडून वर्गासमोर पाणउतारा करणारा प्राध्यापक डोळ्यांसमोर येतो. ही प्रतिमा पुढच्या पिढ्यांतील काही अध्यापकांमुळे आणि पडद्यावरील चित्रणामुळे रूढ झाली. लँगडेल यांच्या वर्गाच्या ज्या आठवणी मिळतात, त्यांतून दिसणारा माणूस निराळा आहे: सावकाश बोलणारा, विद्यार्थ्याने अडचणीचा प्रश्न विचारला की गप्प होऊन विचार करणारा, आणि पटले तर पुढच्या तासाला आपले मत बदलून सांगणारा. त्यांची दृष्टी तरुणपणापासूनच अधू होती आणि उतारवयात ती जवळजवळ गेली. तेव्हा समोरच्या चेहऱ्यांऐवजी आवाज ऐकून ते वर्ग चालवीत.

वक्तृत्वाने भारून टाकणारे शिक्षक ते नव्हते. एम्स त्यांच्याहून कितीतरी लोकप्रिय होते.

पद्धतीखेरीज त्यांनी लॉ स्कूलमध्ये कोणते बदल केले?

हे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण मला स्वतःला त्यांचे सर्वांत टिकाऊ काम येथे दिसते.

पहिला बदल परीक्षेचा होता. हजेरीवर मिळणारी पदवी बंद झाली, वार्षिक लेखी परीक्षा सुरू झाल्या आणि त्यांत उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढच्या वर्षात जाता येईना. प्रश्नपत्रिकेत पाठांतर उतरवून देण्यासारखे प्रश्न मागे पडून काल्पनिक प्रसंग येऊ लागले: अमक्याने तमक्याला पत्र पाठवले, मध्ये असे घडले, तर करार झाला का आणि का? कायद्याची परीक्षा दिलेल्या कोणत्याही मराठी विद्यार्थ्याला हा साचा ओळखीचा वाटेल. दुसरा बदल कालावधीचा होता. दीड वर्षाचा अभ्यासक्रम १८७१ मध्ये दोन वर्षांचा आणि १८७६ मध्ये तीन वर्षांचा करण्यात आला, विषयांना क्रम लावला गेला आणि पायाभूत विषय पहिल्या वर्षाला आले. अमेरिकेत कायद्याची पदवी आजही तीन वर्षांची आहे. तिसरा बदल प्रवेशाचा होता, आणि त्यावरून सर्वाधिक खळखळ झाली. आधी महाविद्यालयीन पदवी किंवा प्रवेशपरीक्षा अशी अट आली. त्या परीक्षेत लॅटिनमधून भाषांतर आणि ब्लॅकस्टोन यांच्या इंग्लिश कायद्यावरील ग्रंथावरचे प्रश्न असत. १८९० च्या दशकात पदवीची अट अधिक कडक झाली. कोणत्या महाविद्यालयांची पदवी ग्राह्य धरायची याच्या यादीतून अनेक कॅथलिक महाविद्यालये वगळली गेली, तेव्हा एलियट आणि त्या संस्था यांच्यात जाहीर वाद झाला. गुणवत्तेची चाळणी लावताना ती कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्या वादात होता, आणि तो गैरलागू नव्हता.

ग्रंथालयाकडे त्यांचे बारीक लक्ष होते. पूर्वी पुस्तके बिनधास्त बाहेर जात, पाने फाडली जात, खंड गहाळ होत. लँगडेल यांनी पूर्णवेळ ग्रंथपाल नेमला, खरेदीला पैसा उभा केला आणि संग्रह शिस्तीत आणला. १८८३ मध्ये वास्तुशिल्पी एच. एच. रिचर्डसन यांनी बांधलेल्या ऑस्टिन हॉल या इमारतीत लॉ स्कूल गेले. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस विद्यार्थिसंख्या चारशेच्या आसपास पोचली होती. वर्ग ओस पडले म्हणून ज्यांची हेटाळणी झाली, त्यांच्यासाठी हे उत्तर पुरेसे होते.

एम्स यांच्या नेमणुकीवरून एवढा गदारोळ का झाला?

कारण १८७३ मध्ये साहाय्यक प्राध्यापक झालेले एम्स नुकतेच शिक्षण संपवून बाहेर पडले होते आणि त्यांनी एक दिवसही वकिली केलेली नव्हती. तोवर कायद्याचा प्राध्यापक म्हणजे नामवंत वकील किंवा निवृत्त न्यायाधीश, आयुष्याच्या उत्तरार्धात चार व्याख्याने देणारा, असे समीकरण होते. लँगडेल यांनी ते मोडले. न्यायालयात उभे राहण्याचा, पक्षकार हाताळण्याचा अनुभव कायदा शिकवायला आवश्यक नाही, आवश्यक आहे तो कायदा शिकण्याचा अनुभव, असे त्यांनी १८८६ मधील भाषणात स्पष्टपणे सांगितले. एम्स १८९५ मध्ये त्यांच्यानंतर अधिष्ठाता झाले.

कायद्याचे अध्यापन हा पूर्णवेळ, स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो ही कल्पना येथून रुजली. तिचा तोटाही येथूनच सुरू झाला, असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. पक्षकाराचे तोंडही न पाहिलेला अध्यापक वकील घडवतो, ही तक्रार भारतातील वकीलवर्गाच्या तोंडूनही ऐकू येते.

कायदा हे ‘विज्ञान’ आहे असे ते म्हणत, याचा अर्थ काय?

५ नोव्हेंबर १८८६ रोजी, हार्वर्डच्या अडीचशेव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने केलेल्या भाषणात त्यांनी आपली भूमिका मांडली. कायदा हे विज्ञान आहे आणि त्या विज्ञानाची सर्व सामग्री छापील ग्रंथांत आहे. रसायनशास्त्रज्ञाला प्रयोगशाळा, प्राणिशास्त्रज्ञाला संग्रहालय आणि वनस्पतिशास्त्रज्ञाला वनस्पतिउद्यान, तसे कायद्याच्या विद्यार्थ्याला आणि प्राध्यापकाला ग्रंथालय, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यामागे एक व्यावहारिक हेतूही होता. कायदा ही निव्वळ कारागिरी असेल, तर ती वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करून शिकावी, विद्यापीठाने तिच्यात पडू नये. विद्यापीठात तिला जागा हवी असेल, तर ती विद्या आहे हे दाखवून द्यायला हवे. अध्यक्ष रसायनशास्त्रज्ञ असलेल्या विद्यापीठात ही मांडणी पटण्याजोगी होती.

मग त्यांच्यावर टीका कोणती झाली?

सर्वांत भेदक टीका अमेरिकन कायदेपंडित ऑलिव्हर वेंडेल होम्स ज्युनियर यांनी केली. लँगडेल यांनी १८७९ मध्ये करारविषयक संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीला कायद्याचा सारांश जोडला. १८८० मध्ये त्याचे परीक्षण करताना होम्स यांनी ग्रंथकाराची बुद्धी तर मान्य केली, पण हयात असलेल्यांपैकी सर्वांत थोर ‘कायदेविषयक धर्मशास्त्री’ अशी पदवीही त्यांना बहाल केली. कायद्याचे जीवन तर्कात नसून अनुभवात आहे, हे होम्स यांचे गाजलेले वचन याच परीक्षणात प्रथम आले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या ग्रंथात पुन्हा आले. लँगडेल यांचे सहकारी जॉन चिपमन ग्रे यांनीही १८८३ मध्ये एलियट यांना लिहिलेल्या पत्रात अशाच आशयाची तक्रार केली. न्यायाधीश कायदा म्हणून जे मानतात त्याकडे अशास्त्रीय म्हणून तुच्छतेने पाठ फिरवणे, हे वैज्ञानिकाने ऑक्सिजनची दखल घ्यायला नकार देण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

टीका समजण्यासाठी टपालाचा प्रश्न पाहावा. प्रस्ताव स्वीकारल्याचे पत्र टपालात टाकले. करार पत्र टाकले तेव्हा झाला की प्रस्ताव देणाऱ्याच्या हाती पडले तेव्हा? ॲडम्स विरुद्ध लिंडसेल या १८१८ मधील इंग्लिश निवाड्यापासून न्यायालये पत्र टाकण्याच्या क्षणाकडे झुकत आली होती. लँगडेल म्हणाले की स्वीकृती हे स्वतःच उलट बाजूचे वचन आहे, आणि समोरच्याला न कळवलेले वचन हे वचनच नव्हे, म्हणून पत्र पोचेपर्यंत करार होऊ शकत नाही. या नियमाने व्यवहारात अन्याय होईल, उलट नियम सोयीचा आहे, हा आक्षेप त्यांनी विचारात घेतला आणि तो गैरलागू आहे, असे एका वाक्यात ठरवून टाकले. त्यांच्या तर्कात कुठे चूक आहे हे दाखवणे सोपे नाही. पण माणसांच्या सोयीगैरसोयीचा विचारच गैरलागू ठरवणारे कायद्याचे विज्ञान नेमके कोणासाठी, हा होम्स यांचा सवाल त्यातून उभा राहतो.

याच सुमारास आलेल्या आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ४ ने हा तिढा वेगळ्या रीतीने सोडवला आहे. स्वीकृतीचे पत्र पाठवणाऱ्याच्या हाताबाहेर गेले की प्रस्ताव देणारा बांधला जातो, परंतु स्वीकारणारा मात्र ते पत्र समोरच्याला कळेपर्यंत बांधला जात नाही. एकाच पत्राला दोन बाजूंनी दोन वेळा असणे लँगडेल यांना मुळीच मानवले नसते.

विसाव्या शतकात, कायदा न्यायालयात प्रत्यक्ष कसा चालतो यावर भर देणाऱ्या वास्तववादी विचारवंतांनी त्यांच्यावर आणखी कोरडे ओढले. त्यांपैकी जेरोम फ्रँक यांनी लँगडेल यांच्या पुस्तकी वृत्तीला त्यांच्या स्वभावातील विकृती ठरवण्यापर्यंत मजल मारली आणि वैद्यकीय महाविद्यालयाप्रमाणे लॉ स्कूलमध्येही प्रत्यक्ष पक्षकारांबरोबर काम करून शिकवावे, असा आग्रह धरला. मागणी रास्त होती. स्वभावाविषयीचे विश्लेषण मात्र टीकेपेक्षा चिडीकडे झुकलेले आहे.

ही पद्धत इतर विद्यापीठांत कशी पोचली?

माणसांमार्फत पोचली. हार्वर्डचे प्राध्यापक विल्यम कीनर १८९० मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि त्यांनी तेथे केस मेथड आणली. त्याला विरोध असलेले ज्येष्ठ प्राध्यापक थिओडोर ड्वाइट १८९१ मध्ये बाहेर पडले आणि त्यांच्या अनुयायांनी न्यूयॉर्क लॉ स्कूलची स्थापना केली. १९०२ मध्ये शिकागो विद्यापीठाचे लॉ स्कूल सुरू झाले, तेव्हा पहिले अधिष्ठाता म्हणून हार्वर्डचे जोसेफ बील उसने घेण्यात आले. लुई ब्रँडाइस यांच्यासारखे माजी विद्यार्थी वकिलीत यशस्वी झाले, हीदेखील मोठी जाहिरात होती. १८८७ मध्ये विद्यार्थ्यांनीच सुरू केलेल्या ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मुळे या वर्तुळाचा दबदबा वाढला.

आणखी एक कारण फारसे सांगितले जात नाही, ते पैशाचे. व्याख्यानाइतकाच मोठा वर्ग एकाच प्राध्यापकाला प्रश्नोत्तरांनी सांभाळता येतो, म्हणून विद्यापीठांना ही पद्धत परवडली.

स्त्रियांना त्यांच्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश होता का?

नव्हता. लँगडेल यांच्या कारकिर्दीत तो मिळाला नाही आणि त्यांच्यानंतरही अर्धशतक मिळाला नाही. हार्वर्ड लॉ स्कूलने स्त्रियांना प्रथम १९५० मध्ये प्रवेश दिला. गुणवत्तेवर आधारलेल्या संस्थेचे शिल्पकार म्हणून त्यांचा गौरव करताना ही मर्यादा नोंदवणे भाग आहे.

भारतात केस मेथडचा प्रभाव दिसतो का?

दिसतो, पण उशिरा आणि विषम प्रमाणात. आपल्याकडील जुन्या विधी महाविद्यालयांत ब्रिटिश काळापासून व्याख्यान आणि पाठ्यग्रंथ यांचेच राज्य होते, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जोडीला बाजारातील गाइडे आहेतच. दिल्ली विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेने निवाड्यांचे संकलन हाती देऊन शिकवण्याचा मार्ग स्वीकारला, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगळुरूला एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या नॅशनल लॉ स्कूलने निवाडे वाचून वर्गात येणे हा अध्यापनाचा गाभा केला. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठे त्याच पठडीतील आहेत. दोन देशांत मूलभूत फरक मात्र लक्षात ठेवावा: आपला करार, फौजदारी आणि पुरावा यांविषयीचा कायदा संहिताबद्ध आहे, त्यामुळे येथे आधी कलम वाचावे लागते आणि निवाडा त्याचा अर्थ लावण्यासाठी येतो. शेकडो निवाड्यांतून तत्त्व उकरून काढण्याची लँगडेल यांची रीत जशीच्या तशी येथे चालणार नाही.

व्यवस्थापन शिक्षणात ही कल्पना दुसऱ्या वाटेने आली. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने लॉ स्कूलकडून केस मेथड उचलली, आणि त्या संस्थेच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या अहमदाबादच्या आयआयएमने ती भारतात रुजवली. एमबीएच्या वर्गात ‘केस’ वाचून येणारे अनेक जण नकळत लँगडेल यांचेच विद्यार्थी आहेत.

त्यांच्या खासगी आयुष्याविषयी काय माहिती आहे?

ते बराच काळ अविवाहित होते. १८८० मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांनी मार्गारेट ह्यूसन यांच्याशी विवाह केला. त्या त्यांच्याहून वयाने बऱ्याच लहान होत्या. त्यांना मूलबाळ झाले नाही. १८९५ मध्ये अधिष्ठातापद सोडल्यावरही ते १९०० पर्यंत शिकवत राहिले आणि दृष्टी जवळजवळ गेलेली असताना समन्यायाच्या (इक्विटी, म्हणजे न्यायबुद्धीवर आधारलेली इंग्लिश कायद्याची शाखा) अधिकारक्षेत्रावर लिहीत राहिले. ते लेख १९०५ मध्ये पुस्तकरूपाने आले. पुढच्या वर्षी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे त्यांचे निधन झाले. १९०७ मध्ये बांधलेल्या लॉ स्कूलच्या नव्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले आणि लॉ स्कूलचे ग्रंथालय आज त्याच इमारतीत आहे.

त्यांचे स्वतःचे लेखन वाचायचे असल्यास कोठून सुरुवात करावी?

१८७१ च्या करारविषयक संग्रहाची प्रस्तावना प्रथम वाचावी. ती अवघ्या काही पानांची आहे आणि त्यांची संपूर्ण भूमिका तिच्यात येते. त्यानंतर १८८६ चे भाषण घ्यावे. संग्रहाला पुढे जोडलेल्या सारांशातील टपालाने होणाऱ्या कराराविषयीचा भाग आणि होम्स यांचे परीक्षण एकत्र ठेवून वाचल्यास दोघांमधील मतभेद स्पष्ट होतो. समन्यायविषयक लेखन तज्ज्ञांखेरीज इतरांना जड जाईल. समन्यायाचे दावे चालवणाऱ्या इंग्लंडमधील चॅन्सरी न्यायालयाच्या कार्यपद्धतीची ओळख नसेल, तर ते मागे ठेवावे. हे सारे लेखन प्रताधिकारमुक्त असल्यामुळे डिजिटल ग्रंथालयांतून विनामूल्य वाचता येते.